जोसेफचा हॅमस्ट्रिंग

नाना वस्ताद जोसेफच्या मांडीवर कोपर रोवून बसले होते. जोसेफ तालमीच्या फरशीवर पालथा पडला होता आणि त्याने टॉवेलचं टोक दातात धरलं होतं. मी दारातूनच ओरडलो, "नाना, थांबा! दाबू नका!"

नानांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कोपर काढलं नाही.

"का वो डॉक्टर? गाठ फोडायला लागलोय."

मी डॉक्टर नाही. फिजिओथेरपीचा विद्यार्थी आहे, इंटर्नशिप चालू आहे. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ज्या क्लिनिकमध्ये मी काम शिकतो, तिथल्या मॅडमनी मला या सीझनला या पेठेच्या फुटबॉल टीमबरोबर पाठवलं होतं. माझे वडील कबनूरला यंत्रमागावर आहेत. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मोठ्या माणसांसमोर आवाज चढवायची सवय मला नाही. त्या दिवशी चढला.

आदल्या दिवशी सेमीफायनल झाली होती. शेवटी शेवटी जोसेफ बॉलमागे धावताना अचानक थांबला आणि त्याचा हात मांडीच्या मागे गेला. तिथे जो स्नायू असतो त्याला हॅमस्ट्रिंग म्हणतात. धावताना पाय पुढे फेकला की त्याला मागून ब्रेक लावायचं काम हा स्नायू करतो. जोरात ब्रेक लागला की कधीकधी तो फाटतो. फाटलेल्या स्नायूला पहिले काही दिवस विश्रांती लागते. त्याला तेल लावून रगडलं तर आतलं रक्त वाढतं आणि जखम मोठी होते.

पण ही तालीम आहे. फुटबॉलच्या आधी इथे कुस्ती आली. इथे दुखणं रगडून काढतात आणि राहिलेलं बैठका मारून काढतात. पैलवानाच्या ताठलेल्या अंगाला ते लागू पडत असेलही. फाटलेल्या स्नायूला पडत नाही.

जोसेफ नायजेरियाचा. गोवा, कोलकाता करत तो कोल्हापुरात आला आणि इथेच राहिला. त्याच्या आधीही आफ्रिकेतले खेळाडू यायचे, एक सीझन खेळून जायचे. पेठेने कॅप्टन केलेला तो पहिला काळा खेळाडू. तो गोल मारायचा तेव्हा लोक त्याला खांद्यावर घ्यायचे, फेटा बांधायचे, गुलालात बुडवायचे. मिसळीचा कट तो आमच्यापेक्षा जास्त मागायचा. "व्हय की" त्याच्या तोंडून इतकं सहज यायचं, की तो बाहेरचा आहे हे फोनवर कुणाला ओळखू आलं नसतं.

नानांना बाजूला करून मी पाय तपासत होतो, तेवढ्यात बापू आले. टीमचा सगळा कारभार त्यांच्याकडे. हार्डवेअरचं दुकान सांभाळून ते हे करतात, पेठेसाठी जीव टाकतात, हे मी नाकारत नाही.

"काय म्हणतोय आमचा घोडा?" त्यांनी विचारलं.

"हॅमस्ट्रिंग फाटलाय, बापू. परवाची फायनल नाही खेळता येणार."

"कशावरनं?" बापू खाली वाकले. "कुठं काय दिसतंय? ओंकारचा पाय बघितलातासा न्हवं? निळाजांभळा झालता. ह्याला काय झालंय?"

ओंकार आमचा पेठेतलाच फॉरवर्ड. त्याच्या पोटरीला मार लागला तेव्हा बापूंनी स्वतः त्याला गाडीवरून घरी सोडलं होतं आणि पुढच्या मॅचला बाहेर बसवलं होतं. ते बरोबरच होतं. पण ओंकारची कातडी उजळ, तिच्यावर साकळलेलं रक्त लांबून दिसतं. जोसेफच्या कातडीवर ते तसं दिसत नाही. खरं सांगायचं तर आमच्या पुस्तकांतले बहुतेक फोटोही उजळ कातडीचेच आहेत. मॅडमनी मला एकदा सांगितलं होतं, "सगळं डोळ्यानं शोधू नकोस, हात लाव."

म्हणून मी बापूंचा हात धरला. आधी जोसेफच्या चांगल्या मांडीवर ठेवला, मग दुखऱ्या मांडीवर. तिथे चटका बसावा अशी उष्णता होती. मग त्यांची बोटं मी स्नायूवरून खाली नेली. सलग दोर असावा तशा त्या स्नायूमध्ये एका जागी बोट खाली जात होतं. खड्डाच.

बापूंनी हात झटकन मागे घेतला.

मला वाटलं, झालं, पटलं. त्यांना पटलंही होतं, ते तोंडावर दिसत होतं. ते उठले, खिशातून मोबाईल काढला आणि म्हणाले, "मग सुई मारूया. मी एकाला सांगतो."

सुई म्हणजे जागा बधिर करायचं इंजेक्शन. दुखणं कळत नाही, माणूस धावतो आणि अर्धा फाटलेला स्नायू पूर्ण तुटला तरी त्याला पत्ता लागत नाही.

"बापू, पाय कायमचा जाईल त्याचा."

"जात न्हाय. ह्यांची हाडं-मासं येगळी असत्यात. आपल्यावानी न्हाय. ह्यांला दुखत न्हाय."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पायजे? इतकी वर्सं बघतोय. कधी वरडलाय का त्यो? ओंकार बोंबलून मैदान डोक्यावर घेतोय. ह्यो गप उठतोय, खेळतोय."

"ओंकारलाही सुई मारून खेळवलं असतं का तुम्ही?"

"त्याच्या आईला काय तोंड दावू मी?" बापू पटकन बोलून गेले.

अजूनही हे वाक्य आठवलं की माझं डोकं तापतं. आई जोसेफलाही आहे. फक्त ती पेठेत राहत नाही.

"आणि कबनूरचं पावणं," बापू म्हणाले, "तुमाला पट्ट्या बांधायला बोलावलंय. टीम आमी ठरवतो."

ते फोन लावायला बाहेर गेले. मीही मॅडमना फोन केला. मला वाटत होतं, त्यांनी येऊन बापूंशी बोलावं. त्यांनी एवढंच विचारलं, "तू स्वतः हात लावून तपासलंस ना? मग तुझं मत बदलायचं कारण काय?" आणि पेशंट आत आला म्हणून फोन ठेवला.

मी जोसेफजवळ बसलो. मला खरंच कळत नव्हतं की त्याच्यावर जास्त चिडावं की बापूंवर.

"तू बोलत का नाहीस? पाय तुझा आहे."

तो कुशीवर वळला. मग त्याच्या मराठी-हिंदीत म्हणाला, "गोव्यात बोललो होतो. दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर दुसरा. इथे मी पहिला कॅप्टन. मला दुखलं, तर लोक म्हणतील, बघ, ये लोग ऐसे ही. पुढच्या पोराला कोण कॅप्टन करणार? पहिल्या माणसाला दुखून चालत नाही, डॉक्टर."

पावसाळ्यात त्याला कोचिंगच्या लायसन्सचा कोर्स करायचा होता. त्यात मैदानावर स्वतः करून दाखवावं लागतं. तो पाय गेला असता तर खेळणंही गेलं असतं आणि शिकवणंही.

"माझ्या भावाचा पाय असता," मी म्हणालो, "तर मी त्याला फायनलला सोडलं नसतं. मग तो कॅप्टन असो नाहीतर कुणीही."

तेवढ्यात बापू परत आले. त्यांच्यामागे ओंकार आणि आणखी चार-पाच पोरंही आत आली.

"ठरलं. परवा सकाळी येतोय त्यो सुई घेऊन. उठ जोसेफ, चार बैठका मार, मोकळं हुईल."

जोसेफ भिंतीला धरून उठला. सगळ्यांना वाटलं, बैठक मारतोय.

"बापू," तो म्हणाला, "दुखतंय."

बापूंनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

"लय दुखतंय. नाही खेळणार."

"आरं, नाटक करू नको! फायनल हाय!"

"दुखतंय, बापू." या वेळी मोठ्याने.

नानांनी तेलाचे हात पंच्याला पुसले. "बास की आता, बापू. दुखतंय म्हणतोय न्हवं त्यो?" मग जोसेफकडे वळून, जरा ओशाळून, "आरं, मगाशी बोलायचं न्हाईस व्हय! मला वाटलं, तुला लागतच न्हाय."

नाना मनाने वाईट नाहीत. तरी मला राग आलाच. माणूस टॉवेल चावत होता, तो ह्यांना समोर बसून दिसला नाही?

फायनल आम्ही एका गोलने हरलो. जोसेफ बेंचवर बसून शेवटपर्यंत पोरांना ओरडून जागा सांगत होता. माझ्या मागे प्रेक्षकांत एकजण म्हणाला, "काळ्यानं दगा दिला." आधीच्या मॅचला हाच माणूस त्याच्या नावाने शिट्ट्या मारत होता. मी वळून म्हणालो, "त्याचा स्नायू फाटलाय." तो म्हणाला, "तुमास्नी काय म्हाईत?" मी परत मैदानाकडे वळलो.

मॅचनंतर तालमीत ओंकारला कुणी विचारलं नाही की सोपा चान्स का घालवला. घालवला होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही, चुका होतात. पण हरण्याचं खापर मैदानात न उतरलेल्या माणसावर फुटलं.

पेठेने पुढच्या सीझनला जोसेफला बोलावलं नाही, आणि मलाही नाही. त्याचा पाय क्लिनिकमध्ये मीच चालता केला, मॅडमच्या नजरेखाली, हळूहळू. कोर्स त्याने पूर्ण केला. आता सकाळी तो लहान पोरांना शिकवतो. त्यातलं कुणी पडून रडायला लागलं की तो खेळ थांबवतो आणि आधी त्याच्याजवळ जातो. तो त्या पेठेचा पहिला काळा कॅप्टन होता. अजून तरी दुसरा झालेला नाही.

माझ्या कामात मी एक बदल केला आहे. खेळाडू तपासायला आला की "दुखतंय का?" हे लगेच विचारत नाही. आधी मॅनेजर, वस्ताद, मित्र, सगळ्यांना खोलीबाहेर काढतो. दार लावतो. मग विचारतो.