रिकाम्या शेताचा पंचनामा

कल्याण तालुक्यातल्या सात गावांची मी कृषी सहायक होते. राहायला कळव्याला. सकाळी टिटवाळ्याला उतरायचं आणि तिथून स्कूटीवर गावं करायची.

त्या वर्षी भात छान आलेलं. कापून ते वाळायला शेतातच पसरलं होतं, आणि ऐन दिवाळीत तीन दिवस पाऊस लागला. दुसऱ्या दिवशी मी ठाण्याला बैठकीत असताना एका गावातल्या ताईंचा फोन आला. त्यांचा नवरा डोंबिवलीच्या एमआयडीसीत कामाला; शेत त्या एकट्याच बघायच्या. मी बाहेर जाऊन फोन घेतला.

"मॅडम, भात पान्यान तरंगतंय. उचलू का ठेवू? शेजारचे म्हणतात, पंचनामा होईपर्यंत हात लावू नका."

आत साहेब माझ्या गावांच्या नुकसानीचा आकडा विचारत होते. "उचला हो, कुजेल नाहीतर," म्हटलं आणि फोन ठेवला. आधी फोटो काढून ठेवा, एवढं सांगायचं राहून गेलं.

चार दिवसांनी तलाठी, ग्रामसेवक आणि मी पंचनाम्याला गेलो. शेजाऱ्याचं भात पाण्यात काळं पडलेलं. ताईंच्या शेतात चिखल आणि धसकटं, बाकी काही नाही. त्यांनी आणि जावेने ओलं भात डोक्यावरून वाहून अंगणात ताडपत्रीवर पसरलं होतं. त्यांनी एक मूठ उचलून आमच्यापुढे धरली. दाण्यांना मोड आलेले, आंबूस वास येत होता.

तलाठी तसा भला माणूस. म्हणाला, "ताई, नुकसान शेतात दिसायला पाहिजे. हे कुठल्या शेतातलं, मी काय लिहू? फोटो आहे का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत तक्रार नव्हती, मी बोलेन याची खात्री होती. मीच उचलायला सांगितलं, एवढंच म्हणायचं होतं. पण महिन्यापूर्वीच एका चुकीसाठी मला नोटीस मिळाली होती. मी हातातल्या कागदाकडे बघत म्हटलं, "नियम आहे, ताई."

मदतीची यादी ग्रामपंचायतीत लागली. शेजाऱ्याचं नाव होतं, ताईंचं नव्हतं. तेव्हा कुठे मी त्यांच्या घरी गेले. आपल्या हाताने अर्ज लिहिला, त्यात माझा फोनवरचा सल्लाही लिहिला आणि सही केली.

त्यांनी अर्ज वाचून घेतला. "हे तवा बोलला असतात तर बरं झालं असतं," म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

अर्ज परत आला. मुदत संपली होती. ते भात त्यांनी कोंबड्यांना घातलं आणि वर्षभराचा तांदूळ दुकानातून आणला.

उन्हाळ्यात माझी बदली झाली. निरोपाला बायका शाळेत जमल्या, त्याही आल्या. जाताना त्यांनी कडव्या वालाची पिशवी माझ्या हातात दिली. "घरचेच हायत," एवढंच म्हणाल्या.

मी नको म्हणायला हवं होतं, की माफी मागायला, मला कळलं नाही. चारचौघींत मी नुसती हसले आणि पिशवी घेतली. घरी ते वाल कितीतरी दिवस फडताळात पडून होते. शिजवायला हात धजेना.