सात नंबरची किल्ली

वैशू गेल्याचा फोन आला तेव्हा मी लॉजच्या काउंटरवर एका पावण्याशी भांडत होते. पावणं निघायच्या गडबडीत, बॅगा रिक्षात चढलेल्या आणि खोलीची किल्ली मात्र अजून त्यांच्या खिशात. "आधी किल्ली खिळ्यावर, मग रिक्षा," असं मी दरडावत होते आणि मोबाईल वाजला. पलीकडे दाजी, म्हणजे वैशूचे यजमान. नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाले, "रेखाताई, वैशाली गेली... चहा मागितला तिनं, आणि मी घेऊन येईपर्यंत..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. पावण्यांनी माझा चेहरा बघितला आणि मुकाट्यानं किल्ली काउंटरवर ठेवली. ती उचलून मी तिच्या खिळ्यावर अडकवली. ही सवय मला वैशूनंच लावलेली. मग मात्र खुर्चीत बसून हमसून हमसून रडले. त्याला आता काही आठवडे झाले. रडू ओसरलंय. आता तिची आठवण आली की आधी हसूच येतं, आणि तिला तेच आवडलं असतं, म्हणून लिहायला बसले आहे.

आम्ही शाळेत एका बाकावरच्या. तिचा आवाज असा, की ती कुजबुजली तरी शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून जायचे. डोकं मात्र तल्लख. इंजिनिअर झाली, पुण्याला नोकरीला लागली. तिथं तिच्या "मी आलो की", "मी जेवलो की"ला सगळे हसायचे. कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात हे त्यांना कुठलं ठाऊक! वैशूनं बोलणं काही बदललं नाही. उलट वर्षभरात तिच्या ऑफिसातल्या दोन पुणेकरणी "गेलतो", "आलतो" म्हणायला लागल्या, असं ती अभिमानानं सांगायची. पुढं ती ब्राउझर बनवणाऱ्या एका मंडळीत गेली. ब्राउझर म्हणजे मोबाईलवर ज्याच्यातून आपण रेल्वेचं तिकीट काढतो, बातम्या वाचतो, बँकेचं बघतो, ते. ही मंडळी जगभर विखुरलेली, कुणी कुठूनही काम करावं. त्यामुळे वैशूनं बाडबिस्तरा उचलला आणि सरळ कोल्हापूर गाठलं. पुण्याच्या मिसळीवर आयुष्य काढणार नाही, एवढंच कारण तिनं दिलं.

घरी काम होईना. घराला लागूनच तालीम, आणि तालमीला हलगी वाजवायला निमित्त लागत नाही. एक दिवस ती लॉजवर आली आणि म्हणाली, "रेखे, एक खोली दे मला. तुझ्याकडं सगळे देवीच्या दर्शनाला आलेले असतात, ते तरी गप असतील." ते गप नसतातच, पण मी तिला वरच्या मजल्यावरची सात नंबरची खोली दिली. खिडकीतून देवळाचं शिखर दिसतं. तिथं तिनं टेबल टाकलं, दोन स्क्रीन मांडले आणि किल्ली पर्समध्ये टाकली. आमचे मॅनेजर दत्तूमामा, माझ्या सासऱ्यांच्या काळापासूनचे, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "वर ताई बसत्यात, काम्पुटर दुरुस्त करत्यात." मग कुणाचाही मोबाईल बिघडला की तो वर जायचा. वैशू जुन्या टूथब्रशनं स्पीकर घासून द्यायची आणि कामाला लागायची. दुपारी आम्ही दोघी काउंटरमागं चहा प्यायचो, आणि आमचं हसणं रस्त्यावर ऐकू जायचं.

असं सगळं मजेत चाललेलं असताना एकदा वैशू अचानक गप झाली. चहाला खाली यायची बंद झाली, जिन्यात भेटली तर नुसती मान हलवायची. वैशू गप म्हणजे मला धडकीच भरली. दाजींशी बिनसलं की काय? नोकरी गेली की काय? शेवटी मीच चहा घेऊन वर गेले आणि दारातच विचारलं, "काय झालंय?"

"सांगता येत न्हाय."

"मला?"

"तुलाच तर न्हाय. तुला सांगितलं तर दुपारपर्यंत साऱ्या भाऊसिंगजी रोडला कळंल."

मला राग आला, पण बोलणं खरं होतं. मी चहा ठेवून हलेना, तेव्हा तिनं थोडंसं सांगितलं. त्यांच्या ब्राउझरमध्ये एक भोक सापडलं होतं. कुणी वाईट बुद्धीनं एखादं पान तयार केलं आणि तुम्ही ते नुसतं उघडून बघितलं, तरी तो माणूस तुमच्या मोबाईलात शिरू शकत होता. भल्या माणसानं शोधलं आणि गुपचूप कळवलं, हे नशीब. आता वाइटांना पत्ता लागायच्या आत ते बुजवायचं, आणि तोवर तोंडातून अक्षर काढायचं नाही. ब्राउझरचा तो भाग नेमका वैशूच्या देखरेखीखालचा. "माझ्या हातचं काम हाय गं. आणि मला कळंना झालंय. ते कोसळतं ते दिसतं, का कोसळतं ते दिसत न्हाय. कधी होतं, कधी हुईत न्हाय." तिचे सहकारी म्हणत होते, जिथं कोसळतंय तिथं एक अडसर घालून मोकळे होऊ. ते तिला पटत नव्हतं. त्यांनी काय दुरुस्त केलं हे जगाला बघता येतं. अर्धवट ठिगळ लावलं, तर चोर तेच बघून शेजारचं भोक शोधणार. म्हणून तिनं आठवडाअखेरपर्यंतची मुदत मागून घेतली होती. तोवर मूळ सापडलं नाही, तर ठिगळच बाहेर जाणार होतं.

त्याच आठवड्यात आमच्या लॉजवर एक प्रसंग झाला. बार्शीकडचं एक कुटुंब उतरलं होतं. सकाळी त्यांनी हिशेब मिटवला, बॅगा गाडीत टाकल्या आणि जोतिबाला गेले. दत्तूमामांना वाटलं, गेले. त्या घरच्या मावशींना वाटत होतं, जोतिबाहून परत येऊन तासभर पडायचं आणि मग निघायचं. किल्ली त्यांच्या कनवटीला. मामांनी खोली झाडून घेतली आणि काउंटरवरची दुसरी किल्ली काढून सांगलीकडच्या एका धिप्पाड पावण्याला ती देऊन टाकली. तो बिचारा रात्रभराचा प्रवास करून आलेला, दार ओढून घेऊन, डोक्यावरून चादर घेऊन झोपला.

दुपारी मावशी आल्या, गुलालानं नखशिखांत लाल. गुडघे दुखतात म्हणून त्यांचे यजमान, काका, पुढच्या जीपनं आधीच परत आले होते, ते कोपऱ्यावर चहा पीत बसलेले. मावशी थेट जिना चढल्या. कनवटीची किल्ली लावली, दार उघडलं. पलंगावर चादरीखाली माणूस; काउंटरवरची किल्ली घेऊन काकाच येऊन पडलेत, असं त्यांना वाटलं. "आवं उठा की, दिवसा काय झोपताय! आन् हे धरा, जीव नुसता टांगणीला लागला गर्दीत," असं म्हणत त्यांनी गळ्यातलं, हातातलं सगळं सोनं बांधलेली पुरचुंडी त्या माणसाच्या हातात कोंबली आणि मोरीत हातपाय धुवायला गेल्या. बाहेर आल्या तर पलंगावर उघडाबंब मिशाळ पैलवान, हातात पुरचुंडी, डोळे विस्फारलेले! दोघांनी एकदमच बोंब ठोकली. पैलवानाची मोठी होती.

सगळा लॉज गोळा झाला. पैलवान हात जोडून म्हणत होता, "आई शपथ, मी मागितलं न्हाई, त्यांनीच दिलं!" काका आले, त्यांच्या लक्षात आलं आणि ते असे हसायला लागले की मावशी आणखी भडकल्या. वैशू सात नंबरमधून बाहेर आलेली. कितीतरी दिवसांनी ती हसत होती, कठड्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत... आणि हसता हसता एकदम थांबली.

"रेखे, मावशींनी सोनं दिलंच कसं?"

"नवरा समजून."

"पण त्यांना शंका का आली न्हाय?"

"कशी येईल? किल्ली लागली, दार उघडलं. खोली त्यांचीच की."

"व्हय," ती म्हणाली. "आणि मामा पण खरंच बोलत होते, खोली मोकळी हाय म्हणून." मग एकेका शब्दावर ठेचकाळत बोलल्यासारखी म्हणाली, "मधे मावशी कुठं गेलत्या?"

"जोतिबाला. काय झालंय तुला?"

ती आत पळाली आणि दार लावून घेतलं.

हे सगळं तिनं मला समजावलं ते नंतर, बोलायची मोकळीक मिळाल्यावर. कॉम्प्युटरच्या पोटात अशाच खोल्या असतात. काम संपलं की खोली मोकळी करून दुसऱ्याला देतात. कुणाकडं जुनी किल्ली राहून गेली, तर तो परत येतो, दार उघडतो आणि आतल्या परक्याला आपलाच समजून त्याच्या हातात सगळं ठेवतो. चोर त्या पलंगावर मुद्दाम येऊन झोपतो, इतकंच. "ही चूक अशी असते हे मला पाठ हाय गं. पण मी इतके दिवस खोली झाडणाऱ्या दत्तूमामांनाच धरून बसलो होतो. मावशी बाहेर जाऊन येतात, हे बघायचंच राहून गेलतं." ब्राउझर एक काम करता करता मधेच थांबतो आणि त्या पानाला विचारतो, तुला काही करायचंय का? लबाड पान त्या सवडीत खोली मोकळी करून टाकतं. ब्राउझर परत येतो तो जुनी किल्ली घेऊन. ही जोतिबाची वारी तिला त्या दुपारी सापडली, आणि तशा वाऱ्या अजून काही ठिकाणी चालतात, हेही.

मग तिची सहकाऱ्यांशी जुंपली. दाराबाहेरून मला ऐकू यायचं, सगळं इंग्रजीत, आणि मधेच "नो, नो, ऐका की!" एका मावशीला दारात अडवून उपयोग नाही, उद्या काका येतील, हे तिचं म्हणणं. ज्याची किल्ली बाहेर आहे, ती खोली मोकळी करायचीच नाही, हा नियम सगळीकडे घाला. शेवटी तिनं त्यांना आमच्या लॉजची गोष्ट सांगितली आणि ऐकणाऱ्यांना पटलं. मुदत संपायच्या आत दुरुस्ती बाहेर पडली, ठिगळ नाही, मुळापासूनची. ती चूक पुन्हा होत नाही ना हे तपासणारी एक चाचणी असते, तिला त्या परदेशी पोरांनी नाव दिलं, "मावशी".

गुपित फुटायची परवानगी मिळाली त्या दिवशी वैशू जिन्यावरूनच ओरडत खाली आली, "आता बोललो तरी चालतंय!" साऱ्या लॉजला मिसळ घातली. आणि नवी दुरुस्ती लोकांनी घेतली नाही तर तिचा उपयोग काय, म्हणून दिसेल त्याचा मोबाईल हिसकावून अपडेट करत सुटली. माझा, मामांचा, दारातल्या रिक्षावाल्यांचा, दर्शनाला आलेल्या अनोळखी बायकांचासुद्धा. "अपडेट नंतर, नंतर म्हणून ढकलताय व्हय? चोर नंतर येत न्हाय!" एक रिक्षावाला तर घाबरून पासवर्डच सांगायला लागला, त्यालाही तिनं झाडलं.

मलाही सोडलं नाही. काउंटरमागं फळी ठोकायला लावली, प्रत्येक खोलीला एक खिळा. दुसऱ्या किल्ल्या कुलपात टाकल्या. किल्ली खिळ्यावर आली नाही तोवर खोली कुणालाही द्यायची नाही, मग हिशेब मिटला असो की पावणं पार घरी पोचलेलं असो. मी कुरकुरले, पण तेव्हापासून आमच्याकडं कुणाच्या पलंगावर पैलवान सापडलेला नाही.

परवा दाजी आले. तिच्या एका सहकाऱ्यानं लिहिलेला निरोप त्यांनी वाचून दाखवला, की "मावशी" रोज धावते आणि रोज पास होते. आम्ही दोघंही हसलो, मग दोघांचेही डोळे भरले. उठताना त्यांनी खिशातून किल्ली काढली. "तिच्या पर्समध्ये होती. तुमची खोली अडकून राहिली आहे, रेखाताई. यात्रेची गर्दी सुरू होईल आता."

मी किल्ली घेतली, फळीकडं वळले. सात नंबरचा खिळा रिकामा. हात तिथपर्यंत गेला आणि थांबला... ती अडकवली की खोली मोकळी. नियम तिचाच. मी माघारी वळले आणि किल्ली दाजींच्या हातात परत ठेवली. "तुमच्याकडंच असू दे. कवाबी या, दार उघडंल." दाजींनी किल्लीकडं बघितलं, आणि ती शर्टाच्या खिशात, आतल्या बाजूला ठेवली.

आता गर्दी सुरू झालीय. काल एक पावणं काउंटरवर अडून बसले. "अहो, सात नंबरला तर कुणीच दिसत नाही. वर जाऊन बघितलं मी, कुलूप आहे."

मी फळीकडं बघितलं आणि म्हटलं, "मोकळी न्हाय, पावणं. किल्ली बाहेर हाय."