नूर मोहम्मद विश्रामगृहातून सुटला

शेतातल्या पंपाची मोटार जळली की वरोऱ्याच्या आसपासचे लोक ती नूर मोहम्मदकडे आणायचे. तो ती नव्या तारेनं भरून द्यायचा. त्याचा आवाजही खणखणीत. निवडणूक आली की ऑटोत भोंगा लावून तो गावचे पुढारी असलेल्या भाऊंचा प्रचार करायचा. एकदाचे भाऊ निवडून आले आणि त्यांनी नोकरीचा शब्द पाळला. नूर मोहम्मद सरकारी विश्रामगृहावर कंत्राटी शिपाई झाला. दुकानाला कुलूप लागलं.

पण नोकरी सरकारची आणि माणूस भाऊंचा, असं झालं. सभेच्या खुर्च्या लावायच्या, फलक बांधायचे, पाहुण्यांना चहा द्यायचा. नागपूरला त्याच्या बायकोच्या, खैरुनच्या, डोळ्याचं ऑपरेशन होतं, नेमका त्याच दिवशी भाऊंचा वाढदिवस. त्यानं सुट्टी मागितली, तर भाऊंचा माणूस म्हणाला, "चाचा, नोकरी कोणं लावून देल्ली?"

खैरुन बहिणीला, नाहीदला, घेऊन गेली. हा दिवसभर जिलेबी वाढत राहिला. ती पट्टी बांधून परत आली. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

पुढच्या निवडणुकीत भाऊ पडले. जिंकलेल्या पुढाऱ्याचा माणूस, प्रफुल, त्याच्या जागेवरच्या नेमणुकीचा कागद घेऊन विश्रामगृहावर हजर झाला. नूर मोहम्मदनं किल्ल्या त्याच्या हातात दिल्या. प्रफुल खाली बघत म्हणाला, "चाचा, तुमच्या पोटावर पाय आला माह्या."

"नाई बाप्पा. फक्त एक आयक. घरी कोणाचा दवाखाना असन तं इथी कोणाले विचारत बसू नको. सरळ निंघून जाय."

घरी खैरुन तांदूळ निवडत होती.

"नोकरी सुटली," तो म्हणाला.

तिनं सूप बाजूला ठेवलं. "मंग आज घरीच जेवशान ना?"

त्याला हसू फुटलं. वरण-भात खाऊन तो आडवा झाला, तो थेट दुपार कलल्यावर, असरच्या अजानलाच उठला. खिशातला फोन त्यानं बंद करून ठेवला होता.

त्यानं घरापुढचं दुकान पुन्हा उघडलं, पण सवय मोडली होती. भरून दिलेली पहिली मोटार पुन्हा जळाली. दुसरी चालली. मग गिऱ्हाईक येऊ लागलं.

एक दिवस भाऊंचा माणूस दारात आला. "चाचा, सभा हाय. भाऊंनं बलावलं."

"ओलिताचे दिवस हायेत," नूर मोहम्मद म्हणाला. "पिकाले पाणी पायजे, मोटार आजच द्याची हाय."

तो माणूस गाडीला किक मारून निघून गेला. नूर मोहम्मदनं आत आवाज दिला, "खैरुन, चाय ठेव, दोघांचा."