कोऱ्या कागदाला तिकीट नाही

औंढ्याच्या तहसीलसमोर टेबल टाकून बसणाऱ्या चाचांचं नाव मी कधी विचारलं नाही. शाळेतल्या मानधनाच्या पावत्यांसाठी मी त्यांच्याकडून रेव्हेन्यू तिकिटं घेतो. एक रुपयाचं तिकीट, पण ते आधी कागद मागतात आणि ओठ हलवत सगळा वाचतात. कुणी तिकीट जिभेला लावायला गेलं की खेकसतात, "मंग हा स्पंज काहून ठिवला?" घाईच्या वेळी मला त्यांचा भारी वैताग येतो.

परवा एक जण बहिणीला घेऊन आला. कागद कोरा होता.

"तिकिटावर हिची सही घेतो, मजकूर घरी लिहितो."

"आधी मजकूर, मंग तिकीट."

"तुमाला काय तकलीफ? सख्खी बहीण हाय माझी."

"सही झाल्यावर वर काय बी लिहिलं, तरी ते बाईनंच लिहून दिल्यावानी व्हतंय." चाचांनी स्पंजाची डबी बंद केली.

"दुसरीकडं भेटंल. चल गं," म्हणत भाऊ तरातरा निघाला. बहीण जागची हलली नाही. तिनं पर्समधून रुपया काढून टेबलावर ठेवला.

"चाचा, एक तिकीट मला द्या. वाटणीच्या पैशाची पावती आधी लिहून होऊ द्या. मी वाचीन, मंग मीच लावीन."

चाचांनी तिकीट हलक्या हातानं फाडून तिच्या तळहातावर ठेवलं. कागद मागितला नाही.