दाराबाहेरची खुर्ची

शहरातल्या गारखेडा भागातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या नवऱ्याच्या कागदावर पीटीएसडी असं लिहिलं. पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर. म्हणजे पूर्वी घडून गेलेलं काहीतरी भयंकर आत्ताही घडतंय, असं मनाला वाटत राहतं.

मी खुळ्यासारखं विचारलं, "मग गुडघ्याचं काय?"

दोन वर्षं आम्ही तो गुडघाच घेऊन फिरत होतो.

हे फौजेतून पेन्शनीवर आले तेव्हा सगळं ठीक वाटत होतं. देवगाव रंगारीजवळ आमची वस्ती, घरी मेंढरं. हे रात्री मेंढरांतच झोपायचे. मग सलग दोन वर्षं पाऊस हुकला, दिरांनी मेंढरं चाऱ्यासाठी लांब नेली आणि यांची झोप गेली. दाराकडे पाठ करून जेवेनात. लेक मागून गळ्यात पडली तर तिला ढकलून दिलं आणि मग स्वतःच रडत बसले.

पुढे दुपारभर कोरड्या विहिरीच्या काठावर बसायला लागले. पाणी नसलेल्या विहिरीत माणूस इतका वेळ काय बघतो? विचारायची माझी छाती होत नव्हती. हातातलं काम टाकून मी लांबून नजर ठेवायची.

मी गावची आशाताई. बायांना दवाखान्यात न्यायचं, केसपेपरच्या खिडकीशी भांडायचं आणि त्यांचं दुखणं आपणच सांगायचं, ही माझी रोजची सवय. नवऱ्याच्या बाबतीतही तेच केलं. शहरातल्या फौजींच्या दवाखान्यात खिडकीवरच्या माणसाने मोठ्याने विचारलं, "काय होतंय?" रांगेत मागेपुढे आमच्याच तालुक्यातले माजी सैनिक. हे म्हणाले, "गुडघा." पुढे प्रत्येक डॉक्टरला मीच ठासून गुडघा सांगितला.

एक्स-रे झाला, गोळ्या झाल्या. मग एमआरआय, म्हणजे मशीनमध्ये झोपवून आतले फोटो काढतात ती तपासणी. हालू नये म्हणून पायाला पट्टा बांधला, तसे हे किंचाळून उठले. मशीनवरचा माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाभी, ये घुटने का मामला नाय. गारखेड्याला मनाच्या डॉक्टर हैत, उनको दिखाओ." त्या माणसाचं नाव मला ठाऊक नाही, पण त्याचे उपकार मी विसरणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी यांना विचारलं, "कधीपासून त्रास आहे?" मी तोंड उघडलं.

"ताई, तुम्ही जरा बाहेर बसा."

मी भडकले. "त्यांना सांगता येत नाय, मीच सांगते."

"म्हणूनच बाहेर बसा."

दाराबाहेरच्या खुर्चीवर मी तासभर धुमसत होते. मग मला आत बोलावलं. यांचे डोळे सुजलेले होते. निदान सांगून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय घडलं ते मी सांगणार नाही. ते सांगतील तेव्हा ऐका."

चार महिन्यांनी यांनी सांगितलं.

"नोकरीच्या दुसऱ्या वर्षी बराकीत दोघा वरिष्ठांनी माझ्यावर जबरदस्ती केली. बाईवर करतेत तशी." मग म्हणाले, "तुला सांगावं असं लई वाटायचं. पण समद्यांचं दुखणं तूच बोलतीस. हेबी बोलशील, ही धास्ती व्हती."

ज्या तोंडाचा मला अभिमान होता, त्याच तोंडाची माझ्या माणसाला भीती वाटत होती.

आठवड्याला शहर गाठणं जमेना. दोन गाड्या बदलायच्या, त्यात वाढत्या शहरासाठी रस्ता उकरून ठेवलेला. म्हणून आता दर गुरुवारी डॉक्टरीणबाई यांच्याशी फोनवर बोलतात. वस्तीवर रेंज येते ती फक्त विहिरीपाशी.

तुमच्या घरात असा कुणी गप्प माणूस असेल तर त्याच्या वतीने बोलू नका. उठून बाहेर बसा.

मीही बसते. लिंबाखाली, विहिरीकडे पाठ करून. शब्द कळू नयेत पण आवाज यावा, एवढ्या अंतरावर. वळून बघायचं नाही, असं मी यांना वचन दिलंय.

गेल्या गुरुवारी आवाज मध्येच थांबला. मी अर्धी उठले, पण वळले नाही. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि हे पुन्हा बोलायला लागले.