काकांचा अंगठा

आधीच सांगतो, या ग्रुपवरच्या बहुतेक अनुभवांखाली "झोप नीट झाली नसेल" अशी कमेंट टाकणारा माणूस मीच. सेनगावला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. वस्तू बिघडली की तिला कारण असतंच, सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं... या हिशेबानं मी आजवर चाललो. पण एक कारण मला अजून सापडलेलं नाही, म्हणून लिहितोय.

माझे सख्खे काका गोरेगावला राहायचे. आजूबाजूच्या गावांतली लग्नं-बारशी त्यांनीच टिपलेली. त्यांचा कॅमेरा जुना, अर्ध्या फ्रेमचा — म्हणजे एका फोटोच्या जागेत दोन फोटो बसवणारा. काका मुलखाचे काटकसरी, त्यांना दुसरा कॅमेरा कधी आवडलाच नाही. त्याच्या पाठीला एक छोटं दातेरी चाक आहे. फोटो काढला की ते अंगठ्यानं फिरवायचं, मग रोल पुढे सरकतो. नवरा-नवरीचं हसू ओसरायच्या आत काकांचं चाक फिरलेलं असायचं. आणि रोल संपला की ते उजव्या हाताचा पंजा लोकांपुढे उघडायचे. बस, झालं! मग वरमाय का गळ घालेना, ते ऐकायचे नाहीत.

पुढे त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उजवा हात मांडीवर ठेवला की ठेवला तसाच. काकू मात्र दिवसभर त्यांच्याशी बोलायच्या. तुरीला शेंगा कशा लागल्यात, कोणाची म्हैस व्याली, सगळं.

त्यांचा मुलगा सुनील हिंगोलीला नोकरीला. पोरगा वाईट नाही हो, आईच्या काळजीनंच अर्धा झालेला. एकटी बाई एवढ्या देहाला किती दिवस उचलणार? त्यानं नांदेडला एक सेवाकेंद्र बघून ठेवलं. काका तिथे राहतील, काकू हिंगोलीला त्याच्याकडे.

"आई, तू कोणाशी बोलून राहिलीस? डॉक्टर म्हणले ना, बाबायला काई कळत न्हाई."

"काहून न्हाई कळत? इतकी वर्षं संसार केला मी. मला दिसतंय ना, त्यायला कळतंय म्हून."

नेण्याचा दिवस ठरला. आदल्या सकाळी सुनीलनं मला बोलावलं. "बाळूदादा, दोघायचे फोटो काढ. बाबाच्याच कॅमेऱ्यानं काढ."

मला या जुन्या कॅमेऱ्यांचा नाद आहे. सिनेमाच्या शूटिंगमधून उरलेली फिल्म पुण्याचा एक मित्र पाठवतो, ती स्वस्त पडते. काळ्या पिशवीत हात घालून, अंदाजानं तोडून, चाचपडत ती रिळात भरायची. त्यामुळे रोल कितव्या फोटोला संपेल हे भरणाऱ्यालाही ठाऊक नसतं. एवढं ध्यानात ठेवा.

ओसरीवर कोवळं ऊन होतं. काकूंनी काकांना धुतलेला सदरा घातला, केस विंचरले आणि शेजारी बसल्या. "अहो, बाळू आलाय. तुमचाच कॅमेरा हाय बघा त्याच्याकडं." काका समोर बघत होते — माझ्याकडे की माझ्या पलीकडे, सांगता येत नव्हतं. मला फार वाईट वाटत होतं. मी आपला फोटो काढायचा, चाक फिरवायचं, परत फोटो. सगळं लक्ष त्या दोन चेहऱ्यांवर. एकदा चाक फिरवायला गेलो तर अडकलं. रोल संपला होता.

संध्याकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत फिल्म धुतली. सिनेमाच्या फिल्मला पाठीमागे काळा थर असतो, तो सोड्याच्या पाण्यात सोडवावा लागतो. वाळल्यावर फोटो मोबाइलवर घेतले. सिनेमाची फ्रेमही एवढीच असते, तेव्हा गंमत म्हणून सिनेमासारखे बोटानं भराभर सरकवत गेलो.

काकूंचा पदर हलला, मान वळली... आणि काकांचा अंगठा चालत होता.

उजव्या हाताचा, मांडीवरच्या. एका फोटोत दुमडलेला, पुढच्यात ताणलेला, परत दुमडलेला. बाकीची बोटं, धोतराच्या चुण्या जिथल्या तिथे. प्रत्येक फोटोनंतर मी चाक फिरवत होतो, आणि तिकडे काकाही फिरवत होते.

शेवटच्या फोटोत पंजा उघडा होता. तळवा माझ्याकडे.

तो फोटो घेतला तेव्हा रोल संपल्याचं मला माहीत नव्हतं. चाक त्यानंतर अडकलं!

सकाळी गाडीला किक मारली ती थेट गोरेगावलाच थांबलो. दारात नांदेडची चारचाकी उभी होती. सुनीलनं मोबाइल बघितला आणि चिडला. "तू कायतरी करून राहिला यात. तुला येतंय ते सगळं." मी फिल्मची पट्टी काढली, दुकानातलं भिंग त्याच्या हातात दिलं. पट्टी उन्हाकडे धरून तो एकेक फ्रेम बघत गेला. मग काकांपुढे उकिडवा बसला, त्यांचा उजवा हात दोन्ही हातांत धरला.

"बाबा, एकदा हलवा ना. एकदाच..."

हात हलला नाही. त्यानं परत विनवलं. तो रडत होता, मीही रडत होतो. काकू तेवढ्या शांत होत्या.

"राहू दे रे," त्या म्हणाल्या. "रोल संपल्यावर त्यायनं कधी कोणाचं ऐकलंय का?"

सुनीलनं गाडी परत पाठवली. काकूंच्या हाताखाली एक गडी ठेवला. त्यानंतर दर रविवारी तो यायचा आणि ऑफिसातल्या भानगडी काकांना सांगत बसायचा.

मी नंतर तोच कॅमेरा, तीच फिल्म घेऊन फोटो काढले. मोबाइलवर व्हिडिओही केले. अंगठा कशातच हलला नाही. डॉक्टर म्हणाले, स्नायू कधी कधी फडफडतात. फडफडत असतील. पण रोल कुठे संपतो हे स्नायूला कसं कळलं, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

काका घरीच गेले, काकू बोलत असताना. भिंतीवर तो शेवटचा फोटो लावलाय. काकूंनी फ्रेमवाल्याला बजावून सांगितलं होतं, चेहऱ्यापुरता कापू नको, हात दिसला पाहिजे.