गोलसमोर उभी राहिलेली वृंदा

भाजून काढणाऱ्या उन्हात सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या केमिस्टबाहेर, औषधांच्या दुकानासमोर, रांगेत उभा होतो. कोविडच्या रॅपिड टेस्टची किट्स आलीत, अशी बातमी पसरली होती. तेवढ्यात संदीपचा फोन आला. "वृंदा गेली रे..." एवढंच म्हणाला. सकाळी डोकं दुखतंय म्हणून ती आडवी झाली होती. मेंदूत रक्तस्राव झाला आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी तिथेच खाली बसलो. मागचा माणूस मास्कमधून विचारत होता, "यू राइट, मेट?"

वृंदाने आणि मी पुण्यात एकाच वर्गात इंजिनीअरिंग केलं, सिडनीला आलो तेही मागेपुढेच. ती आणि तिचा नवरा संदीप आमच्याच गल्लीत दोन घरं सोडून राहायचे. मुलीला स्केटिंगच्या क्लासला सोडायला वृंदा बर्फाच्या रिंकवर जायची. तिथे बायकांची आइस हॉकीची नवशिकी टीम जमत होती, पण गोली, म्हणजे गोलरक्षक, व्हायला कुणी तयार नव्हतं. रबराची ती दगडासारखी चकती सुसाट अंगावर येणार, उभं कोण राहणार? "मी राहते," वृंदा म्हणाली. तेव्हा पस्तिशी ओलांडली होती आणि स्केट्सवर धड उभंही राहता येत नव्हतं. पहिल्या मॅचमध्ये तिने इतके गोल खाल्ले की मोजणाऱ्यानेही नाद सोडला. मला वाटलं, संपला हा छंद. गाडीत बसताना ती घामाघूम, पण चेहरा फुललेला. "अरे, काय जागा आहे ती! बाकी सगळ्या पुढे बघत पळतात. मी एकटीच सगळ्यांना बघते. कोण दमलंय, कोण घाबरलंय, सगळं दिसतं तिथून."

पुढे ती खरोखर चांगली गोली झाली. तिच्या सासूबाई पुण्याहून आल्या तेव्हा बॅकयार्डात वाळत घातलेले पायांना बांधायचे तिचे जाडजूड पॅड बघून म्हणाल्या, "अगं, या गाद्या कुणाच्या? पिंजायला द्यायच्यात का?" पुढच्या मॅचला त्याच सासूबाई शाल गुंडाळून, मोज्यांवर मोजे चढवून रिंकच्या काचेला नाक लावून ओरडत होत्या, "अडव, वृंदा, अडव!"

शेवटी गुडघ्याने दगा दिला आणि खेळ सुटला. रिकामी बसणं तिला माहीतच नव्हतं. शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंग हवं म्हणून ती कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, खेटे घालू लागली आणि टोलवाटोलवीला कंटाळून स्वतःच निवडणुकीला उभी राहिली. कुठल्याही पक्षाशिवाय. दारोदार हिंडायची, तेव्हा म्हाताऱ्या बायका तिला 'ब्रेन्डा' म्हणायच्या. "ब्रेन्डाला मत द्या, काम वृंदा करेल," असं म्हणत ती निवडून आली. क्रॉसिंगही झालं.

मग लॉकडाउनचा तो कडक हिवाळा आला आणि त्याच्या शेवटाला गणपती. दुसरी निवडणूक तोंडावर होती. मराठी मंडळाच्या झूम मीटिंगमध्ये आमचे अध्यक्ष प्रकाशभाऊ म्हणाले, "माझ्या बॅकयार्डात गुपचूप आरती करू. आपलीच माणसं. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना," वृंदा म्हणाली.

"तुला मतं आपल्याच लोकांची लागणार आहेत, विसरू नकोस."

"नका देऊ मत, भाऊ. पण घरात वहिनी डायलिसिसवर आहेत. तुम्ही आरतीला माणसं बोलावणार आणि त्यांना कुठे ठेवणार?"

स्क्रीनवरून प्रकाशभाऊंची चौकटच नाहीशी झाली. व्हॉट्सॲपवर मात्र काही जण तुटून पडले. आपल्याच माणसांवर उलटली, खुर्चीसाठी गोऱ्यांपुढे वाकली, काय काय. मी विचारलं, "आता गं?" ती म्हणाली, "आता आरती करायची. आपापल्या घरापुढे, ड्राइव्हवेत." आदल्या वर्षी अँझॅक डेला, सैनिकांच्या स्मृतिदिनी, या देशातली माणसं मेणबत्त्या घेऊन ड्राइव्हवेत उभी राहिली होती, तसंच.

पहिल्या संध्याकाळी आमच्या गल्लीत जेमतेम चार-सहा घरं बाहेर आली. सूर एकमेकांना पोचेनात, एक कडवं या टोकाला, दुसरं त्या टोकाला. समोरची लेबनीज आजी आणि शेजारचा प्लंबर टाळ्यांचा ठेका धरत होते. गल्लीच्या टोकाला प्रकाशभाऊंच्या घराचं दार बंद. दुसऱ्या दिवशी ते उघडलं. वहिनींना खुर्चीत बसवून, मास्क लावून, हातात झांजा घेऊन भाऊ उभे होते. त्यांनी वृंदाकडे बघितलं नाही. पण आवाज सगळ्यांत वरच्या पट्टीत त्यांचाच होता.

वृंदा पुन्हा निवडून आली. मंडळातली काही मतं गेली ती गेलीच, पण इतरांनी ती भरून काढली. त्या विजयानंतर जेमतेम काही आठवडे तिला मिळाले. अंत्यसंस्काराला तिच्या टीममधल्या बायका त्या उकाड्यातही हॉकीच्या जाड जर्सीत आल्या होत्या. खांदा द्यायला संदीपच्या बरोबरीने प्रकाशभाऊ पुढे झाले. 

परवा संदीपकडे गेलो होतो. चहा ओतत होता, एवढ्यात स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार्जिंगला लावलेला वृंदाचा मोबाइल वाजला. तिने आपला नंबर अख्ख्या वॉर्डला देऊन ठेवला होता. संदीपने तो बंद केलेला नाही. त्याने फोन स्पीकरवर घेतला, पलीकडे कुणी म्हातारी होती. पदपथाची फरशी उचकटलीये, नवरा अडखळून पडला, असं सांगत होती. ती वृंदालाच मागत होती. संदीप शांतपणे म्हणाला, "ती आता नाही. मी तिचा नवरा. पत्ता सांगा."

पत्ता ऐकून घेतला, चहा तसाच ठेवला आणि तो बूट घालायला बसला. "चल," मला म्हणाला, "बघून येऊ."